पेल्टियरची फ्रिज-पेटी: आठ महिने, एक भाजलेलं बोट आणि १४० रुपयांचा पंखा

ऑक्टोबरात ३,२०० रुपयांना ही आठ लिटरची पेटी घेतली ती आईच्या इन्सुलिनसाठी. पेल्टियर म्हणजे वीज दिली की एक बाजू गार आणि दुसरी गरम होणारी चकती, तीच ही पेटी गार करते. फ्रिज खाली, आई वर, आणि तिचे गुडघे जिन्याला तयार नाहीत. ‘कॉम्प्रेसर नाही, म्हणजे आवाजच नाही,’ असं दुकानदार म्हणाला होता. मागचा पंखा रात्रभर घूंघूं करतो. पहिल्या आठवड्यातच पेटी मनातून उतरली.

डिसेंबरात आणखी एक. तापमान आवरणारा थर्मोस्टॅट नाही, नागपूरची थंडी, सकाळी आतल्या पत्र्यावर पांढरा बर्फ आणि इन्सुलिनचं पेन त्याला टेकलेलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. गोठलं की नाही कळेना, फेकून दिलं. आता पेन प्लॅस्टिकच्या डबीत, पत्र्यापासून चार बोटं लांब. थंड-गरमचं बटण चुकून फिरलं तर हीच पेटी आतून तापते, म्हणून त्यावर चिकटपट्टी मारली आहे.

उन्हाळ्यात थर्मामीटर ठेवून पाहिलं: खोलीत ४३, आत २४. बाहेरच्यापेक्षा १८-२० अंश कमी, एवढीच हिची ऐपत. वापरातलं पेन ३० अंशांखाली चालतं, त्याला पुरे. न उघडलेल्या पेनांना २ ते ८ लागतात, ती खालच्या फ्रिजमध्येच. ६० वॉट चोवीस तास म्हणजे रोजचं जवळपास दीड युनिट. आमचा १९० लिटरचा फ्रिजसुद्धा एवढं खात नाही. जीव तुटतो.

मग शहाणपणा केला. पेटी कूलरच्या झोतात ठेवली. आतलं तापमान झकास उतरलं, पण दमट हवेनं पत्रा ठिबकायला लागला आणि अडॅप्टर खाली फरशीवर! तो स्टुलावर चढवला. कूलरच्या गवताची भुसी मात्र लक्षात आली नाही. मे महिन्यात एका दुपारी हात घातला तर आत खोलीपेक्षा जास्त गरम. मागची जाळी हात लावू देईना. पंखा बंद.

सर्व्हिसवाला न उघडताच म्हणाला, ‘मॉड्यूल गेलं, १,९५० पडतील.’ मॉड्यूल म्हणजे ती पेल्टियर चकतीच. घरी आणून चार स्क्रू मीच काढले. हीटसिंकच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांच्या, फटीत नमद्यासारखा थर, पंख्याचं बेअरिंग जाम. मॉड्यूलच्या वायरींवर मल्टिमीटर दोन ओहम दाखवत होता, म्हणजे शाबूत. तरी खात्रीसाठी ते सुटं काढून, चिमटीत धरून बारा व्होल्ट दिले. हे करू नका. एक बाजू गार पडेपर्यंत दुसरीनं बोट भाजलं. हीटसिंकशिवाय ते काही सेकंदांतच जळू शकतं. आतलं सोल्डर १३८ अंशांच्या आसपास वितळतं.

सीताबर्डीतून ८० मिलिमीटरचा पंखा १४० रुपयांना, चकतीची उष्णता हीटसिंकला पोचवणारा लेप, थर्मल पेस्ट, ६० ला. जुनी पेस्ट पुसून नवी पातळ लावली, स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळले, नाहीतर चकती तडकते. भिंतीपासून वीतभर अंतर सोडलंय, दर रविवारी ब्रश फिरवतो.

नवा पंखा जुन्यापेक्षाही मोठ्यानं ओरडतो. आईला सांगून ठेवलंय, घूंघूं थांबली की आधी प्लग काढ, मग मला हाक मार.