अकरा महिने वापरल्यावर: डीव्हीडीची व्हीसीडी करणारं सॉफ्टवेअर आणि आजोबांचा टाळ

परवा मेल आला की तुमचं लायसन्स पुढच्या महिन्यात संपतंय, आत्ताच नूतनीकरण केलं तर तीस टक्के सूट. तो वाचून लिहायला बसलोय. अकरा महिन्यांपूर्वी मला कुणाचा असा अनुभव वाचायला मिळाला असता तर १,९०० रुपये आणि कितीतरी रात्रींची झोप वाचली असती. कंपनीचं नाव घेत नाही. तिच्या जोडीला आणखी दोन सॉफ्टवेअरच्या ट्रायल मी त्याच डिस्कवर चालवून पाहिल्या आणि दोन्हींत हाच दोष निघाला, म्हणून दोषाबद्दलच लिहितो.

आजच्या काळात व्हीसीडी, म्हणजे साध्या सीडीवर बसवलेला व्हिडिओ, कशाला, हे पहिल्यांदा सांगतो. आमचं गाव अंबाजोगाईपासून जवळ. गावातल्या सप्त्यात २००५ साली काल्याच्या कीर्तनाचं शूटिंग झालं होतं. मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर काढलेलं आणि शूटिंगवाल्यानं नंतर डीव्हीडीवर टाकून दिलेलं. एकूण २ तास १० मिनिटं. त्यात कीर्तनकार महाराजांच्या मागं, पखवाजवाल्याच्या डाव्या हाताला, पहिल्या रांगेत माझे आजोबा टाळ घेऊन उभे आहेत. आजोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांचं हलतं-बोलतं दुसरं काहीच घरात नाही. आज्जी दर एकादशीला ही डिस्क लावते, आणि महाराजांकडं नाही, त्या डाव्या कोपऱ्याकडं बघत बसते.

मागच्या उन्हाळ्यात तिच्या प्लेअरनं डीव्हीडी वाचणं बंद केलं. गंमत म्हणजे भक्तिगीतांच्या जुन्या व्हीसीडी त्याच प्लेअरवर खणखणीत चालत होत्या. अंबाजोगाईतल्या दुरुस्तीवाल्यानं झाकण उघडून सांगितलं, “भाऊ, डीव्हीडीचा लेझर गेलाय, सीडीचा जिवंत आहे.” तेव्हा कळलं की अशा प्लेअरमध्ये दोन प्रकाश असतात. डीव्हीडीसाठी ६५० नॅनोमीटरचा लाल आणि सीडीसाठी ७८० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. एक मेला तरी दुसरा चालू राहू शकतो. लेन्सचं युनिट आता मिळत नाही, मिळालं तर हजार-बाराशे आणि चालेल याची खात्री नाही, असं तो म्हणाला. प्लेअरला पेनड्राइव्हची जागा नाही. मोबाइलवर दाखवून पाहिलं, तर दोन मिनिटांत तिनं फोन परत दिला. “एवढुशा डबीत काय दिसतंय मला?” तिला ड्रॉवर उघडून डिस्क ठेवायची सवय आहे आणि ८२ व्या वर्षी ती सवय मोडायची माझी इच्छा नव्हती. कोऱ्या सीडी मात्र स्वस्त. इथल्या एका फोटो स्टुडिओत पन्नासचा डबा धूळ खात पडला होता, तो ६०० रुपयांत मिळाला. नव्या प्लेअरपेक्षा डीव्हीडीची व्हीसीडी करणं परवडेल असा हिशेब केला.

आकडे बहुतेकांना माहीत असतील, तरी पुढच्या गोष्टीसाठी लागतात. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६, आवाज ४८ किलोहर्ट्झ. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८, सेकंदाला २५ फ्रेम (एकेक स्थिर चित्र), चित्राचा वेग ११५० किलोबिट, आवाज ४४.१ किलोहर्ट्झ. ८० मिनिटांच्या सीडीवर ८० मिनिटांचीच व्हीसीडी बसते. म्हणजे कीर्तनाच्या दोन डिस्क.

पहिल्या तीन सीडी फुकट गेल्या, त्या थोडक्यात सांगतो. पहिली एनटीएससीत, म्हणजे अमेरिकेकडच्या टीव्ही पद्धतीत बनली, कारण सॉफ्टवेअरमध्ये तेच आधीपासून निवडलेलं असतं. आज्जीच्या जुन्या टीव्हीवर चित्र काळं-पांढरं होऊन वर सरकत राहिलं. दुसरी साध्या डेटा सीडीसारखी बर्न केली, तर प्लेअर “डिस्क नाही” म्हणाला. त्याला एमपीईजीएव्ही नावाचा फोल्डर आणि त्यात डॅट फाइल लागते, सेक्टरही (डिस्कवरचे माहितीचे छोटे तुकडे) वेगळ्या जातीचे. तिसरी बर्न होत असताना लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी मेलेलीच होती.

चौथी चालली. मी चार-पाच मिनिटं पाहिली, सगळं ठीक वाटलं, आणि आज्जीच्या हवाली करून संभाजीनगरला निघून आलो. आठवड्यानं तिचा फोन आला. आवाज एकदम उतरलेला. “बाळा, ह्यायचा टाळ कधी चुकला नाही रे जन्मात. अन् हे तुझं यंत्र त्यायला चुकवायलंय.”

ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून गेलेलं नाही. या लेखात मी बाकी सगळ्याला कमी जागा देतोय आणि या एका गोष्टीला जास्त, त्याचं कारण हेच. चित्र धूसर असलं तरी चालतं. व्हीसीडीला २८८ ओळी आहेत, त्यात चेहरा कितीसा दिसणार? पण टाळ म्हणजे चित्रातच बसवलेली मोजपट्टी. दोन तुकडे एकमेकांवर आदळताना डोळ्यांना दिसतात आणि त्याच क्षणी आवाज यायला हवा. बोलणाऱ्याच्या ओठांत थोडासा फरक पुष्कळांच्या लक्षात येत नाही. टाळात तो लगेच येतो. पन्नास वर्षं वारकऱ्याच्या घरात काढलेल्या बाईच्या तर येतोच येतो.

मग मोजायला बसलो. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘जे’ आणि ‘के’ ही बटणं दाबली की आवाज ५० मिलिसेकंदांनी मागं-पुढं सरकतो. टाळ आणि आवाज जुळेपर्यंत बटण किती वेळा दाबावं लागलं ते वहीत लिहीत गेलो. चौथ्या मिनिटाला शून्य. एकतिसाव्या मिनिटाला पाव सेकंद. बावन्नाव्याला जवळपास एक सेकंद. पहिली डिस्क संपताना दीड, आणि दुसऱ्या डिस्कच्या शेवटी अडीच सेकंद. आवाज मागं, चित्र पुढं.

माझा पहिला समज असा की ४८ चं ४४.१ करताना सॉफ्टवेअर चुकतंय. तसंच कंपनीला कळवलं. उत्तर आलं: नवी आवृत्ती टाका. टाकली, फरक शून्य. पुढचं उत्तर: ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. आवाजाच्या तक्रारीला ग्राफिक्सचा उपाय! मी वहीतले सगळे आकडे पाठवले, तर त्यांनी लॉग, म्हणजे सॉफ्टवेअरनं ठेवलेली कामाची नोंद, मागितला. लॉगमध्ये एकच ओळ होती, रूपांतर १०० टक्के यशस्वी. पाचव्या मेलमध्ये मी पैसे परत मागितले. त्यावर लिहून आलं की मूळ डिस्क खराब असल्यास कंपनी जबाबदार नाही. भयंकर राग आला. माझी डिस्क खराब आहे हे यांना तिकडं बसून कसं कळलं?

पण रात्री ती डिस्क काढून ट्यूबलाइटखाली तिरकी धरली. बाहेरच्या कडेच्या आत दोन बोटं सोडून बारीक गोल ओरखडे होते, आणि मधल्या भागात एक उभी चीर. डिस्क लावताना-काढताना ड्रॉवरला घासून झालेली असावी. म्हणजे कंपनीचं ते वाक्य खरं होतं. इथं मला माझं मत बदलावं लागलं आणि ते मी उघडपणे लिहितो: दोष फक्त सॉफ्टवेअरचा नव्हता.

वही पुन्हा उघडली तर तेच दिसलं. फरक हळूहळू वाढत नव्हता. तो उडी मारत होता. दहा-दहा मिनिटं अगदी स्थिर, मग एका ठिकाणी एकदम पाव-अर्ध्या सेकंदाची भर, आणि नेमकं त्याच जागी चित्राला बारीकसा हिसका. ४४.१ ची चूक असती तर असं झालं नसतं.

कारण समजून घेतलं ते असं. डीव्हीडीवर चित्र साधारण १२ ते १५ फ्रेमच्या गटांत साठवलेलं असतं. गटातली पहिली फ्रेम पूर्ण, बाकीच्या तिच्या आधारानं उभ्या. ओरखड्यामुळं मधले काही सेक्टर वाचता आले नाहीत तर गटातल्या पुढच्या फ्रेमही लंगड्या पडतात आणि काही सॉफ्टवेअर तो गटच टाकून देतं. म्हणजे अर्ध्या सेकंदापर्यंत चित्र गेलं. आवाजाचा तुकडा मात्र ३२ मिलिसेकंदांचाच असतो, तो बहुतेक वाचतो. चित्र कमी झालं, आवाज तेवढाच राहिला. खरं तर चित्रासोबत त्याची वेळही डिस्कवर लिहिलेली असते. ती वेळ पाहून रिकाम्या जागी मागचीच फ्रेम धरून ठेवली असती तर पुढचा टाळ जागेवर आला असता. आज्जीचा जुना प्लेअर इतकी वर्षं तेच करत होता. हे १,९०० रुपयांचं सॉफ्टवेअर वेळ न पाहता तुकडे नुसते एकाला एक चिकटवतं.

म्हणून माझी खरी तक्रार वेगळी झाली. डिस्क खराब होती, मान्य. पण वाचता न आलेल्या जागा मुकाट्यानं गाळून वर “१०० टक्के यशस्वी” लिहायचं, हे मला मान्य नाही. “अमुक मिनिटाला डिस्क वाचता आली नाही” एवढी ओळ दाखवली असती तर मी त्याच दिवशी डिस्क तपासली असती आणि आज्जीला तो आठवडा तसा काढावा लागला नसता.

उपाय निघाला तो सगळा फुकटातला. भाच्यानं पेनड्राइव्हवर उबंटू (विंडोजसारखीच, पण फुकट प्रणाली) टाकून दिलं. आधी डीडीरेस्क्यू वापरलं. हे डिस्कचे चांगले भाग आधी उचलतं, खराब जागांची नोंद एका मॅप फाइलमध्ये ठेवतं आणि मग तेवढ्याच जागांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतं. माझ्या लॅपटॉपच्या ड्राइव्हवर रात्रभर चालवलं तर ११ एमबी वाचायचं राहिलं. मग डिस्क आणि मॅप फाइल घेऊन शेजारच्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर तेच काम पुढं चालू केलं, आणि सकाळी फक्त ६०० केबी उरलं होतं. ओरखड्याची डिस्क असेल तर दुसऱ्या ड्राइव्हवर लावून बघाच. एकाला न वाचलेलं दुसऱ्याला वाचता येतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

अशी जी डिस्कची पूर्ण नक्कल एका फाइलमध्ये मिळाली (तिला आयएसओ म्हणतात), तिच्यावरून एफएफएमपेगनं व्हीसीडी केली. २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर, आजही फुकट. त्याला टार्गेट म्हणून पाल-व्हीसीडी एवढं सांगितलं की चित्राचा आकार, वेग, आवाज सगळं ते आपोआप बसवतं. खिडक्या-बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर ओळ टाइप करावी लागते, त्याची मला पहिले दोन दिवस धास्ती होती. पण हे फ्रेमची वेळ पाहतं. उरलेल्या खराब जागी चित्र क्षणभर थबकतं आणि टाळ जागेवर येतो. जे-के दाबून पुन्हा मोजलं: चौथं मिनिट शून्य, बावन्नावं शून्य, शेवटचं शून्य.

आणखी एक सुधारणा झाली. आधीच्या डिस्कवर जलद गजरात आजोबांच्या हातात दोनाचे चार टाळ दिसायचे. मिनीडीव्हीचं चित्र दोन फील्डचं असतं, एका फ्रेममध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांच्या ओळी एकाआड एक. ते आकसून लहान करताना दोन्ही क्षण एकमेकांत मिसळतात. व्हीसीडीला तशाही निम्म्याच ओळी लागतात, म्हणून एकच फील्ड घेतलं, आणि टाळ दोनच राहिले. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सोय मला कुठं सापडली नाही.

पुढं व्हीसीडीइमेजर नावाच्या सॉफ्टवेअरनं इमेज, म्हणजे बर्न करायची तयार फाइल, बनवली आणि इमगबर्ननं कमी वेगावर बर्न केली. डिस्क बदलायची जागाही मी ठरवली. विकतच्या सॉफ्टवेअरनं बरोबर ऐंशीव्या मिनिटाला, महाराज बोलत असताना वाक्य तोडलं होतं. मी एकसष्टाव्या मिनिटाला, मधला गजर संपतो तिथं तोडलं.

नव्या दोन्ही डिस्क आषाढीला गावी घेऊन गेलो आणि या वेळी शेवटपर्यंत आज्जीजवळ बसलो. दुसऱ्या डिस्कवर एके ठिकाणी चित्र सेकंदभर थांबतं. तिथं मी सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात तीच म्हणाली, “हात थांबलेत, पण टाळ वाजतोय की. वाजू दे.”

नूतनीकरण करणार नाही. पैसे परत मिळाले नाहीत, पाचव्या मेलनंतर उत्तरच आलं नाही. तुमची डिस्क स्वच्छ, एकही ओरखडा नसलेली असेल तर या जातीचं सॉफ्टवेअर काम करेलही; पण ट्रायलमधली फुकटची पाच मिनिटं सुरुवातीची घेऊ नका, शेवटची घ्या, आणि त्यात टाळ, टाळ्या, ढोल असं काही आदळणारं शोधा. डब्यात अजून चाळीसेक सीडी आहेत. आयएसओ मी दोन ठिकाणी ठेवलाय, एक लॅपटॉपवर आणि एक भाच्याकडच्या हार्डडिस्कवर. पुढचा नंबर काकांच्या लग्नाच्या डीव्हीडीचा. तिच्यावरचे ओरखडे मी कालच ट्यूबलाइटखाली मोजून ठेवलेत.