गिटार सेटअपचा घरगुती किट: मोजायची साधनं ठेवा, कानशी बाजूला काढा

झिपच्या पाऊचमध्ये वीस-पंचवीस वस्तू घालून विकतात तो गिटार सेटअपचा (तारांची उंची, दांड्याचा बाक आणि सूर जुळवून घेण्याचा) किट मी बराच काळ वापरतोय. एक इलेक्ट्रिक, एक अकूस्टिक आणि भाचीची शिकायची गिटार, तिन्हींचं काम यावरच चालतं. मत आधीच सांगतो. यातली मोजायची साधनं फार उपयोगाची आहेत, फिरवायची साधनं कामचलाऊ आहेत आणि घासायची साधनं वापरू नयेत अशी आहेत.

मला स्वतःला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो फीलर गेजचा. गाडीच्या गॅरेजमध्ये स्पार्क प्लगची फट मोजायला वापरतात, तीच ही पातळ पोलादी पात्यांची जुडी. हिने नेकचा (गिटारीच्या दांड्याचा) रिलीफ, म्हणजे नेकला दिलेला किंचितसा बाक मोजायचा. आधी गिटार सुरात लावून घ्या. पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, लावा, नेक जिथे बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर जाड तार दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तारेखाली पातं सरकवून पाहा. ०.२५ मिमीचं पातं तारेला न हलवता जेमतेम सरकलं, तर बहुतेक गिटारींसाठी बाक योग्य आहे. ०.२ ते ०.३ मिमी ही पट्टी धरून चाला. मोजताना गिटार पाठीवर आडवी ठेवू नका, वाजवताना धरतो तशी मांडीवर धरा. आडवी ठेवली की नेकच्या वजनानेही आकडा बदलतो.

हा आकडा हातात नसताना ट्रस रॉडला, म्हणजे नेकच्या आतल्या बाक कमीजास्त करणाऱ्या सळईला, पाना लावू नये, असं माझं ठाम मत आहे. रॉड तारांच्या ओढीविरुद्ध काम करतो आणि ही ओढ लहान नसते. साडेपंचवीस इंची स्केलवर (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) ०.०१० चा (सर्वात बारीक तार ०.०१० इंच जाडीची) सेट नेहमीच्या ट्यूनिंगला लावला, तर सहा तारांचा मिळून ताण सुमारे ४६ किलो भरतो. म्हणून नऊचा (०.००९) सेट काढून दहाचा (०.०१०) घातला की नेक पुढे झुकते आणि रिलीफ वाढतो. घड्याळाच्या दिशेने पाना फिरवला की रॉड घट्ट होतो आणि बाक कमी होतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नको. मग पुन्हा सूर लावा, पुन्हा मोजा. तारा उंच वाटतात म्हणून लोक रॉड आवळतात, पण रॉड बाकासाठी आहे. उंची ब्रिजवर, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात तिथे, ठरते.

किटमधल्या ॲलन की (षटकोनी टोकाच्या किल्ल्या) इथेच कमी पडतात. माझ्या पाऊचमधल्यांची टोकं मऊ होती आणि कडा लवकर गोल झाल्या. गोल झालेली की रॉडच्या नटचे कोपरे खाते, आणि ते नुकसान गिटारीचं असतं. मापांचाही घोळ असतो. फेंडरच्या अमेरिकन बनावटीच्या ब्रिज सॅडलला (ब्रिजवर तार टेकते त्या तुकड्याला) साधारणपणे ०.०५० इंची की लागते, म्हणजे १.२७ मिमी. बाहेर बनलेल्या बऱ्याच गिटारींना १.५ मिमी लागते. गिब्सनच्या ट्रस रॉडला ५/१६ इंची नट पाना लागतो, तिथे ॲलन की चालतच नाही. तेव्हा आपल्या गिटारीचं माप पाहून चांगल्या पोलादाची एकच की वेगळी घ्या. थोडी जरी सैल बसत असेल, तरी जोर लावू नका.

तारांची उंची मोजायचं कार्ड मात्र मला मनापासून आवडलं. साध्या पट्टीला टोकाशी कोरी जागा असते, या कार्डाचं मोजमाप थेट कडेपासून सुरू होतं. फ्रेटवर उभं टेकवलं की आकडा समोर. साडेनऊ इंची रेडियसच्या (आडव्या गोलाईच्या त्रिज्येच्या) फ्रेटबोर्डला फेंडर सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी सुचवते, माझी इलेक्ट्रिक तेवढ्यावरच आहे. अकूस्टिकवर मी बाराव्या फ्रेटला जाड तार २.४ आणि बारीक तार १.८ मिमीवर ठेवतो. अकूस्टिकचं सॅडल खालून घासावं लागतं आणि हिशेब दुप्पट असतो. बाराव्या फ्रेटवर अर्धा मिमी कमी हवा, तर सॅडल एक मिमी घासायचं. पेन्सिलीने रेघ मारा, सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवा आणि रेघेच्या थोडं अलीकडेच थांबा.

आता नट, म्हणजे नेकच्या टोकाची तारांच्या खाचांची पट्टी (रॉडचा नट वेगळा). भाचीची गिटार हातात घेतली तेव्हा तिच्याकडून एफ कॉर्ड लागत नव्हता, आणि बोटांत ताकद नाही असं तिला वाटत होतं. ताकदीचा प्रश्न नव्हता, नटच्या खाचा उंच होत्या. तपासणी सोपी आहे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट पाहा. ती कागदाच्या जाडीइतकीच हवी. जास्त असेल तर बोटं दुखतात आणि पहिल्या दोन-तीन फ्रेटांवरचे सूर चढे लागतात. कितीतरी शिकणारे याच जागी गिटार सोडतात, हे मला फार लागतं. पण किटमधल्या कानशींनी हे काम करू नका. त्या वेड्यावाकड्या कापतात आणि जाडीही तारेशी जुळत नाही. नटच्या खऱ्या कानशी तारेच्या मापाच्या आणि गोल काठाच्या असतात. खाच हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) दिशेने उतरती हवी आणि तार फ्रेटबोर्डाकडच्या काठावर टेकली पाहिजे. खाच एकदा खोल गेली की नट बदलावाच लागतो. भाचीच्या गिटारीचं हे काम मी कारागिराकडूनच करून घेतलं.

नेकचा सरळपणा पाहायची खाचांची लांब पट्टी, जिच्या एका बाजूला साडेपंचवीस आणि दुसऱ्या बाजूला पावणेपंचवीस इंची स्केलच्या खाचा असतात, ती घेतल्यावर आधी आरशावर उभी टेकवून पाहा. खालून उजेड दिसला तर पट्टीच वाकडी आहे. माझी सरळ निघाली. फ्रेट रॉकरही (उंच राहिलेला फ्रेट शोधायची छोटी पट्टी) तसाच तपासून घ्या. वाइंडर (तारा बदलताना खुंट्या भरभर फिरवायचा) चांगला आहे. फ्रेटबोर्डची गोलाई मोजायच्या रेडियस गेजचे तुकडे मी क्वचितच काढतो.

किटमध्ये नसलेली आणि हवीच अशी वस्तू म्हणजे चांगला ट्यूनर. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवरही सूर बरोबर लागतो का, हे नव्या तारांवरच बघावं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसता स्पर्श करून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर जुळवायचा. दाबलेला चढा लागला तर सॅडल मागे (नेकपासून दूर), उतरा लागला तर पुढे. वाजवण्यापुरता क्लिपचा ट्यूनर ठीक आहे, पण इथे फरक दोन-तीन सेंटचा असतो आणि अर्ध्या सुरात सेंट असतात शंभर. पीटरसनचे स्ट्रोब (पडद्यावर सरकत्या पट्ट्यांनी फरक दाखवणारे) ट्यूनर ०.१ सेंटपर्यंतची अचूकता सांगतात. स्ट्रोबचा पडदा डोळ्यांसमोर असला की सॅडलचा स्क्रू किती फिरवायचा याचा अंदाज बांधावा लागत नाही.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने अख्खा किट घेतलाच पाहिजे असं नाही. फीलर गेज, उंचीचं कार्ड, कॅपो, आपल्या मापाची एक उत्तम की आणि ट्यूनर एवढ्यावर रिलीफ, उंची, इंटोनेशन याच क्रमाने काम करा. प्रत्येक आकडा तारखेसह कागदावर लिहून केसमध्ये ठेवा. हवेतला दमटपणा बदलला की लाकूड हलतं, आणि पुढच्या वेळी नेक किती सरकली हे त्या कागदावरूनच कळतं.