खाडीकाठचं जुनं डायनर: ऑक्टोबर ते जून

न्यू जर्सीत नव्याने आलेली मराठी मंडळी विचारतात, एखादं जुन्या पद्धतीचं अमेरिकन डायनर, म्हणजे काउंटरपाशी स्टुलावर बसून खायचं साधं हॉटेल, दाखवाल का? मी त्यांना सांगते, बघायला म्हणून जाऊ नका, नेमाने जायला लागा. पहिल्या भेटीत पत्र्याची चकाकी, लाल रेक्झिनच्या बैठका आणि निऑनची पाटी यांचे फोटो काढण्यातच वेळ जातो. जागा चांगली आहे की नाही, हे कळायला काही महिने जावे लागतात आणि ते कळतं काउंटरवर बसून.

मागच्या ऑक्टोबरपासून आम्ही रॅरिटन बेच्या काठावरच्या एका जुन्या डायनरमध्ये जवळजवळ दर आठवड्याला जातोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण चांगलं-वाईट दोन्ही लिहायचं आहे. शिवाय यातलं बरंचसं इथल्या कुठल्याही जुन्या डायनरला लागू पडेल.

आधी त्या इमारतीबद्दल. ही वास्तू जागेवर बांधलेलीच नाही, ती कारखान्यात तयार होऊन इथे आली. न्यू जर्सी हे या धंद्याचं माहेरघर. डायनर बनवणारी जेरी ओ'माहोनी यांची कंपनी आधी इथल्याच बेयोन शहरात आणि मग एलिझाबेथ शहरात होती. १९१७ ते १९५२ या काळात तिने सुमारे २००० डायनर बनवली. पॅटर्सनमध्ये 'सिल्क सिटी' डायनर तयार होत. स्वयंपाकाची शेगडी, काउंटर, स्टुलं, फरशी असं सगळं आत बसवून अख्खी खोली ट्रकवर किंवा रेल्वेने रवाना व्हायची. मालकाने पाण्याचं, गॅसचं आणि विजेचं कनेक्शन जोडायचं की धंदा सुरू. म्हणून ही जुनी डायनर इतकी अरुंद असतात: रस्त्यावरून जितकं नेता येईल तितकंच रुंद. पुढे मोठी डायनर दोन-तीन तुकड्यांत येऊ लागली. आमच्या डायनरमध्ये छताकडे नीट पाहिलं की जोडाची रेघ दिसते. माझ्या मुलीला ती सापडली तेव्हापासून प्रत्येक नव्या डायनरमध्ये ती आधी मान वर करते.

रेल्वेचे जुने डबे आणून डायनर केली, असं बरेच जण सांगतात. काही ठिकाणी तसं झालंही, पण बहुतेक डायनर मुळातच हॉटेल म्हणून बनवलेली आहेत. डब्यासारखं रूप त्यांनी हौसेने घेतलं. १९३४ मध्ये 'झेफर' ही स्टेनलेस स्टीलची आगगाडी धावली, लोकांना वेगाचं आणि नव्या जमान्याचं वेड लागलं, मग डायनरवाल्यांनीही गोल कोपरे आणि चकचकीत पत्रा उचलला. धंद्याचं मूळ आणखी मागे जातं. १८७२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सला वॉल्टर स्कॉट नावाच्या गृहस्थाने घोडागाडीतून रात्री खाणं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाईक कोण, तर वर्तमानपत्राच्या छापखान्यातले रात्रपाळीचे लोक. डायनर आवडण्याचं माझं खरं कारण हेच आहे. अवेळी भूक लागलेल्या कष्टकरी माणसासाठी ते जन्माला आलं आणि आजही पहाटे सहाला इथे काउंटरवर बांधकामावरची माणसं, नर्सा आणि मासेमारीला निघालेले म्हातारे शेजारी शेजारी बसलेले असतात.

सासरे साताऱ्याहून आले होते तेव्हा आत पाऊल ठेवताच म्हणाले, "हा तर इराणी!" त्यांचं फारसं चुकलं नाही. तिकडे इराणी आले, इकडे न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या डायनरमध्ये ग्रीक आले. दोघांनी परक्या देशात येऊन तिथल्याच लोकांची न्याहारी सांभाळली. आमच्या डायनरचे मालकही ग्रीक आहेत. मेनूत पॅनकेकच्या खाली स्पॅनाकोपिता (पालक-फेटाचा ग्रीक पाय) दिसला तर चकित होऊ नका.

आता काउंटर. सुरुवातीला आम्ही खिडकीजवळच्या बैठकीसाठी अडून बसायचो, कारण तिथून खाडी दिसते. हवा स्वच्छ असेल तर पलीकडे स्टेटन आयलंड आणि लांबवर व्हेराझानो पूलही दिसतो. पाहुणे असले की अजूनही तिथेच बसवतो. पण मी एकटी असले की काउंटरच. समोर तव्यावर अंडी फुटतात, बाजूला बटाटे परततात, स्वयंपाकी एका हाताने टोस्टला लोणी लावत दुसऱ्या हाताने ऑम्लेट उलटतो. वेट्रेस ऑर्डर ओरडते, तो मान हलवतो आणि इतक्या गर्दीतही काही चुकत नाही. जानेवारीच्या सुमाराला आमच्या नेहमीच्या वेट्रेसने न विचारता माझ्यासमोर कॉफी ठेवली आणि दुधाची छोटी पुडी बाजूला सारली, कारण मी काळी पिते. त्या दिवशी मला या गावात राहायला आल्यासारखं वाटलं. आमचं घर इथे पाच वर्षांपासून आहे, तरीही.

कॉफी साधी असते. एस्प्रेसोची सवय असेल तर पातळ लागेल. पण जाड चिनी मातीच्या कपात ती गरम येते आणि कप रिकामा व्हायच्या आत भरली जाते. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

खाण्यात न्याहारीला तोड नाही आणि ती दिवसभर मिळते. दोन अंडी, होम फ्राइज (तव्यावर परतलेले बटाटे), राय ब्रेडचा टोस्ट एवढ्यात पोट भरतं. नवरा टेलर हॅम, अंडं आणि चीजचा रोल घेतो. हे डुकराचं मांस ट्रेंटनच्या जॉन टेलर यांनी १८५६ मध्ये काढलं. उत्तर जर्सीत त्याला टेलर हॅम म्हणतात, दक्षिणेत पोर्क रोल, आणि यावरून इथले लोक मनापासून भांडतात. चकतीच्या कडेला चिरा पाडलेल्या दिसतात, नाहीतर तव्यावर ती वाटीसारखी फुगते. रात्री उशिरा तरुण मंडळी डिस्को फ्राइज मागवतात: बटाट्याच्या फ्राइजवर मोझरेला आणि तपकिरी ग्रेव्ही. मुलीला फार आवडतात, मला ती ग्रेव्ही खारट लागते.

शाकाहारी मंडळींनी मात्र चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात, कारण मेनूत त्या लिहिलेल्या नसतात. होम फ्राइज बहुधा बेकनच्याच तव्यावर परततात, म्हणून वेगळ्या पॅनमध्ये करून द्या असं आधी सांगा. आमच्याकडे गर्दी नसेल तर आनंदाने देतात. तपकिरी ग्रेव्ही आणि कांद्याचं फ्रेंच सूप मांसाच्या रसावरचं असतं. जेलोत (इथल्या गोड जेलीत) प्राण्यांपासून केलेलं जिलेटिन असतं आणि पायच्या आवरणात कधी कधी डुकराची चरबी असते, ती विचारून घ्या. निर्धास्त मागवावं ते टोमॅटो घातलेलं ग्रिल्ड चीज सँडविच (तेही वेगळ्या पॅनमध्ये), ग्रीक सॅलड (वर अँकोव्ही मासे घालू नका असं सांगून) आणि एग क्रीम. एग क्रीम या पेयात ना अंडं असतं ना क्रीम: दूध, सोडा आणि चॉकलेटचं सिरप, बस. अंडं चालत असेल तर पालक-फेटाचं ऑम्लेट इथलं सगळ्यात चांगलं. सासूबाईंनी वर दालचिनी भुरभुरलेलं थंड राइस पुडिंग एकदा चाखलं आणि मग परत जाईपर्यंत दर वेळी मागवलं. त्यातही काही ठिकाणी अंडं घालतात, तेवढं विचारा.

तक्रारी आहेत. रविवारी दहा ते एकच्या दरम्यान जाऊ नये. दारात ताटकळावं लागतं आणि टेबल मिळालं तरी आवाजाने बोलणं अशक्य, कारण पत्रा आणि फरशी सगळा गलका परत फेकतात. हिवाळ्यात दाराजवळच्या टेबलावर गार वाऱ्याचा झोत येतो. मेनू अवाढव्य आहे. त्यातला पास्ता आणि समुद्रातल्या माशांचे महागडे प्रकार मी आता घेत नाही. खाडी समोर असली तरी हे मासळीचं हॉटेल नव्हे. टेबलावरचे ज्यूकबॉक्स बंद आहेत. ते मुळात निवडीची बटणं असलेल्या पेट्या होत्या, खरी तबकडी कोपऱ्यातल्या मोठ्या यंत्रावर वाजायची. ते यंत्र आता नाही. निदान एखाद्या टेबलावरचा ज्यूकबॉक्स तरी चालू करावा, असं मी मालकांना सांगितलंय.

तरीही हायवेवर नव्याने उघडलेल्या एका 'रेट्रो' हॉटेलपेक्षा मी इथेच जाईन. तिथे ज्यूकबॉक्स चालू आहे, भिंतीवर जुन्या गाड्यांची चित्रं आहेत, पण स्वयंपाक भिंतीआड होतो आणि काउंटर केवळ शोभेला. एकटं माणूस आलं तर त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर बसवतात. त्या सजावटीतून डायनरचा जीवच निघून गेलाय.

खाडीकाठाला एक किंमतही मोजावी लागते. २९ ऑक्टोबर २०१२ ला सँडी वादळ आलं तेव्हा या किनाऱ्यावरच्या युनियन बीच, कीन्सबर्गसारख्या गावांत घरंच्या घरं गेली. काउंटरवरचे म्हातारे अजून हात वर करून पाणी कुठवर चढलं होतं ते दाखवतात. नीट ऐकून घ्या, घाई करू नका. या गप्पा मेनूत मिळत नाहीत. मे-जूनमध्ये अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला हॉर्सशू क्रॅब, म्हणजे घोड्याच्या नालेसारख्या आकाराचे समुद्री जीव, किनाऱ्यावर अंडी घालायला येतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. मुलांना घेऊन संध्याकाळी जाणार असाल तर भरतीची वेळ बघा, आधी किनाऱ्यावर जा आणि मग जेवायला या.

पैशांचं म्हणाल तर बिलावर ६.६२५ टक्के विक्रीकर लागतो आणि त्यावर टिप. वीस टक्क्यांच्या खाली जाऊ नका. वेट्रेसचा मूळ पगार फार कमी असतो, त्यांचं घर टिपेवर चालतं. नुसती कॉफी आणि टोस्ट घेऊन तासभर बसलात तर टक्केवारी विसरा आणि चार-पाच डॉलर ठेवा. पहिल्यांदा जात असाल तर मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी आठच्या आत जा, काउंटरवर तव्यासमोरचं स्टूल धरा, दोन अंडी ओव्हर ईझी (उलटून हलकी भाजलेली, बलक पातळच) आणि राय टोस्ट सांगा. पिवळा बलक टोस्टला लावून खायचा असतो, चमच्याने नाही.