मिरी की मिरची : तिखटपणाच्या दोन वाटा

मिरी आपल्या मातीतली, तर मिरची पाहुणी. मिरीची वेल मूळची मलबारच्या किनाऱ्याची असून, इ. स. पू. 1213 मध्ये मरण पावलेल्या इजिप्तच्या दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या नाकपुड्यांतही मिरीचे दाणे सापडले आहेत. मिरची मात्र अमेरिका खंडातून पोर्तुगीजांमार्फत सोळाव्या शतकात भारतात आली, आणि तिखटपणामुळे मिरीच्या नावावरूनच तिचे नाव पडले. ज्या मिरचीवाचून आज ठेच्याची कल्पनाही करवत नाही, ती त्यापूर्वी येथे नव्हतीच, हे मला आजही विलक्षण वाटते.

मिरीत पायपरिन आणि मिरचीत कॅप्सेसिन असते. दोन्ही द्रव्ये जिभेवरील उष्णता ओळखणाऱ्या एकाच ग्राहीला चेतवतात. म्हणून तिखट ही खरे तर चव नसून दाहाची संवेदना आहे. कॅप्सेसिन कितीतरी पट जहाल असते. हिरवी मिरची उभी चिरली, की बिया ज्याला चिकटलेल्या दिसतात तो पांढरट गाभाच सर्वांत तिखट असतो. बियांना तिखटपणा लागतो तो त्याच्या सान्निध्याने. कॅप्सेसिन पाण्यात फारसे विरघळत नाही, त्यामुळे तोंड भाजल्यावर पाण्यापेक्षा दूध किंवा दही अधिक उपयोगी पडते. पक्ष्यांना मात्र हा दाह जाणवत नाही. ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूरवर पसरवतात.

आमटीला झणझणीतपणा हवा असेल तर मिरचीच हवी, परंतु तुपाच्या फोडणीतल्या मिरीचा सुगंध मिरचीला कधीही साधत नाही.