पोलिसांवर लोकांचा वचक: कौन्सिलमधून की मतपेटीतून?

अमेरिकेत राहणाऱ्या मैत्रिणीचा ग्रुप अडकलाय, पोलिसांवर नागरिकांची देखरेख समिती हवीय पण सिटी कौन्सिलकडून (म्हणजे तिथली महापालिका सभा) ऑर्डिनन्स, म्हणजे शहरापुरता कायदा, पास करून घ्यायचा की सरळ मतदानाला टाकून शहराचं चार्टरच, म्हणजे शहराची घटनाच, बदलायचं.

मेहनत बघा. कौन्सिलला ठराविक मतंच फिरवायची असतात, पण त्यासाठी वर्षानुवर्षं मीटिंगांना जाऊन बसावं लागतं. शिकागोत जुलै २०२१ मध्ये ३६ विरुद्ध १३ ने ऑर्डिनन्स पास झाला, आणि २०२३ मध्ये २२ पोलीस डिस्ट्रिक्टमधून प्रत्येकी तीन जण देखरेखीसाठी लोकांनी निवडून दिले. मतदानाला सह्या, पैसा, दारोदार फिरणं. (कौन्सिल स्वतःही प्रश्न मतदानाला ठेवू शकते, ओकलंडला २०१६ ला तसंच झालं, म्हणजे लॉबिंग काय सुटत नाही.)

टिकाऊपणात मात्र चार्टर सरळ पुढे. ऑर्डिनन्स पुढची कौन्सिल बदलू शकते, चार्टरला बहुतेक ठिकाणी परत मतदारांकडेच जावं लागतं. आणि दम पण असतो, ओकलंडच्या मतदानातून आलेल्या देखरेख कमिशनने २०२० मध्ये महापौरांसोबत मिळून पोलीस चीफलाच काढलं!

पण जिंकलं म्हणजे झालं असं नाही हं. पोर्टलंडला २०२० मध्ये ८०% हून जास्त मतं मिळाली तरी चार वर्षांनंतरही देखरेख बोर्ड बसलेलं नव्हतं. आणि मिनियापोलिसला २०२१ मध्ये पोलीस खात्याच्या जागी नवं सुरक्षा खातं आणायचा चार्टर प्रस्ताव तर हरलाच.

ग्रुप छोटा आणि कौन्सिलमध्ये दोनचार जण आपले असतील तर ऑर्डिनन्स. कौन्सिल पोलीस युनियनला घाबरून असेल पण माणसं भरपूर असतील, तर मतदान.