१० पटीचं फोल्डिंग भिंग: गोमी बघायला कितपत कामाचं?
भिंग झक्कास आहे, हे आधीच सांगून टाकतो. तीन काचांचं, दुमडून खिशात मावणारं, कडेला रंगीत झालर दिसत नाही आणि चिखलात पडलं तरी पुसलं की परत चालू. पण मी घेतलं ते जंगलातल्या साध्या तपकिरी गोमी बघायला, लिथोबियस म्हणतात त्या, दोन-तीन सेंटीमीटरच्या, आणि तिथेच गोची आहे.

१० पटीच्या भिंगाला वस्तू साधारण अडीच सेंटीमीटरवर लागते, म्हणजे भिंग डोळ्याला टेकवायचं आणि तोंड पार जमिनीपर्यंत न्यायचं. शेवाळ, बुरशी वगैरे ठीक, ते कुठे पळतंय! गोम मात्र कुजकं लाकूड उचललं की सुसाट सुटते, फोकस लागेपर्यंत गायब. त्यामुळे सोबत एक उथळ पारदर्शक डबी घ्याच, मऊ ब्रशने तिला आत ढकला (बोटाने नको, चावते) आणि ओल्या पानाचा तुकडा टाका, कारण तिच्या अंगावर पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर नीटसा नसतो, कोरड्यात पटकन सुकते. म्हणूनच ती सापडते पण ओलाव्यातच, सुटलेल्या सालीमागे, दगडाखाली, पाचोळ्याच्या तळच्या थरात, कंपोस्टमध्ये. वरचा कुरकुरीत पाचोळा उकरण्यात वेळ घालवू नका. आणि दगड उचललात तर जसा होता तसा परत ठेवा प्लीज.

डबीत जरा शांत झाली की मग भिंगाचे पैसे वसूल. डोक्याच्या दोन्ही बाजूंना बारीक काळ्या डोळ्यांचे पुंजके, पाठीवरच्या पट्ट्या एक लांब एक आखूड, आणि डबी वर धरून खालून बघितलं तर विषाचे आकडे दिसतात, ते म्हणजे धडाच्या पायांची पहिली जोडीच बदलून झालेली असते. चालायचे पाय मोजा, पूर्ण वाढलेलीला १५ जोड्या, अंड्यातून नुकतं निघालेल्या पिल्लाला जेमतेम निम्म्या, बाकीच्या कात टाकत टाकत येतात. शेजारीच हळूहळू चालणारं, एकेका वळ्याला दोन-दोन जोड्या असलेलं काही दिसलं तर ती गोम नाही, मिलिपीड आहे.

नुसतं फिरता फिरता बघणार असाल तर ५ पटीचं घ्या, नजरेत जास्त भाग मावतो. मला बारकावे हवे होते म्हणून हेच बरं. बिजागरीचा स्क्रू मात्र सारखा ढिला होतो आणि दोरीचं भोक इतकं बारीक की धड दोरा जात नाही, त्याचा एक स्टार कापलाय.