अभ्यासिकेतले बीएलडीसी पंखे: घ्यावेत का?

दिवसाला दहा तासांच्या वर जो पंखा फिरतो, तो आधी बदला. बाकीचे राहू द्यात. बीएलडीसी पंख्यांबद्दल, म्हणजे चुंबकाच्या मोटरवर कमी विजेत फिरणाऱ्या नव्या पंख्यांबद्दल, मला कुणी विचारलं की मी हेच सांगते. दुकानदार 'सगळं घर एकदम बदलून टाका' म्हणेल, पण पैसा आणि वीज दोन्ही वाचतात ती तासांच्या हिशोबावर.

सांगलीत विश्रामबागेत माझी अभ्यासिका आहे. पहिल्या मजल्यावर एक लांब हॉल, वर उघडी गच्ची. एमपीएससीची, पोलीस भरतीची मुलं-मुली सकाळी सातला येतात ती रात्री दहापर्यंत. मार्च लागला की गच्चीचा स्लॅब तापतो आणि पंख्याशिवाय हॉलमध्ये बसवत नाही. आठ पंखे, पंधरा तास. जुने सगळे ४८ इंची, ७५ वॅटचे. त्यातल्या काहींची कॉईल रिवाइंड करून घेतलेली होती. नवे घेतले ते पूर्ण वेगाला ३० वॅटचे.

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण या किमतीत आता बऱ्याच कंपन्यांचे पंखे जवळपास सारखे आहेत. नाव बघण्यापेक्षा खोक्यावरचं स्टारचं लेबल वाचा. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं झालं आहे. त्यावर दोन आकडे असतात: मिनिटाला किती घनमीटर हवा फेकतो आणि त्यासाठी किती वॅट खातो. दोन्ही एकत्र बघायचे. फक्त वॅट बघून पंखा घेतलात आणि वारा कमी पडला, तर मुलं दुसऱ्या दिवशी टेबल फॅन मागतील. गणपती पेठेतल्या ज्या दुकानातून मी घेतले, तिथल्या माणसानं तीन पंखे चालू करून खाली उभं राहायला सांगितलं. असं दुकान मिळालं तर शंभर-दोनशे रुपये जास्त गेले तरी तिथूनच घ्या.

वीज कमी लागते ती का, हे आमच्या वायरमननं जुना पंखा खोलूनच दाखवलं. साध्या पंख्यात फिरणाऱ्या भागाला स्वतःचं चुंबकत्व नसतं. ते त्यात वीज खेळवून तयार करावं लागतं, आणि त्यात बरीचशी वीज उष्णता होऊन जाते. तासभर चाललेल्या जुन्या पंख्याच्या वाटीला, म्हणजे मोटरच्या गोल भागाला, हात लावून बघा, चटका बसतो. बीएलडीसीत फिरणाऱ्या भागावर कायमचे चुंबक बसवलेले असतात आणि एक छोटं इलेक्ट्रॉनिक कार्ड कोणत्या कॉईलला कधी वीज द्यायची ते ठरवतं. हा पंखा दिवसभर चालला तरी वाटी जेमतेम कोमट लागते. वेग कमी केला की वीजही झपाट्यानं कमी होते. तीनवर माझे पंखे पूर्ण वेगाच्या निम्म्याहूनही कमी वीज घेतात.

कंपनीच्या आकड्यांवर विसंबायचं नव्हतं म्हणून मी मीटर बघितला. आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटला तो ३२०० वेळा लुकलुकतो असं शेजारी छापलेलं आहे. तुमच्या मीटरवरचा आकडा वेगळा असू शकेल. रात्री मुलं गेल्यावर बाकी सगळं बंद केलं, फक्त आठ पंखे पूर्ण वेगानं लावले आणि मिनिटभर मोजलं. जुन्या पंख्यांना बत्तीसच्या आसपास, नव्यांना तेरा. ही चाचणी कुणालाही करता येते, पैसा लागत नाही, आणि हिशोब लेबलशी जुळतो की नाही ते डोळ्यांना दिसतं.

पंख्यामागे वाचलेले ४५ वॅट, आठ पंखे, पंधरा तास म्हणजे रोजची जवळपास साडेपाच युनिटं, महिन्याची १६२. डिसेंबर-जानेवारीत पंखे जवळपास बंदच असतात, तेव्हा वर्षाचे नऊ-दहा महिनेच धरा. युनिट दहा रुपयांना धरलं तरी महिन्याला सोळाशे रुपये सुटतात. पंखा साधारण तीन हजाराला पडला, म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत पैसे वसूल. घरात झोपायच्या खोलीतला, रोज आठ तासांचा पंखा असेल तर महिन्याला अकरा युनिटं वाचतात. तिथे तीन वर्षं धरून चला. पाहुण्यांच्या खोलीतला मी बदललेला नाही आणि बदलणारही नाही. नवा पंखा तयार करायलाही तांबं, लोखंड, वीज लागतेच.

मुलांना काय आवडलं म्हणाल तर शांतता. लाईट गेली की जुने पंखे इन्व्हर्टरवर घूंऽऽ करत राहायचे, ते बंद झालं. बॅटरीही दुपटीहून जास्त वेळ टिकते. परीक्षेच्या आधीच्या रात्री ही फार मोठी गोष्ट आहे.

आता त्रासाचं. रिमोट. एका हॉलमध्ये आठ पंखे असतील तर एका रिमोटनं शेजारच्या दोन-तीन पंख्यांचाही वेग बदलतो. एका मुलीनं "काकू, जरा तीनवर करा की" म्हटलं, तर मागच्या रांगेचा वारा जातो. हॉल, वर्ग, मंगल कार्यालय असेल तर भिंतीवरच्या बटणानं वेग बदलता येणारं मॉडेलच घ्या. मी नंतर पुढच्या रांगेत तसे बसवून घेतले. जुना रेग्युलेटर मात्र काढायलाच लावा, त्याच्यावर हे पंखे नीट चालत नाहीत.

दुसरी अडचण दुरुस्तीची. साधा पंखा बिघडला तर वायरमन कंडेन्सर बदलून तासाभरात चालू करतो. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या त्या रात्री माझ्या एका पंख्याचं कार्ड गेलं. वॉरंटी होती, पैसे लागले नाहीत, पण कंपनीचा माणूस ऐन मे महिन्यात यायला फार उशीर झाला आणि त्या पंख्याखालच्या मुलांना दुसरीकडे सरकवावं लागलं. म्हणून घेण्याआधी एकच विचारा: सर्व्हिस सेंटर सांगली-मिरजेत आहे की कोल्हापूरहून माणूस येणार? आणि वादळात मेन स्विच बंद करा.

एवढ्या त्रासानंतरही मी हे पंखे घ्याच म्हणते, त्याचं कारण बिलापलीकडचं आहे. आपल्याकडची बरीच वीज अजून कोळशावर होते, चंद्रपूर-कोराडीसारख्या केंद्रांत. देशाच्या ग्रिडवरचं एक युनिट म्हणजे हवेत सुमारे ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. १६२ युनिटं म्हणजे महिन्याला शंभर किलोच्या वर, एका हॉलच्या पंख्यांतून. तारांतून येताना वाटेत गळणारी वीज यात धरलेलीच नाही. या वायूनं हवा तापते, आणि ती एक अंशानं तापली की तिच्यात साधारण सात टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून पाऊस पडतो तेव्हा धो धो पडण्याची शक्यता वाढते. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे. २०१९ च्या महापुरात ती ५७ फुटांवर गेली. माझं माहेर गावभागातलं, तिथे त्या वेळी काय झालं ते सांगलीकरांना सांगायला नको. आणि त्याच जिल्ह्यात जत-आटपाडीला टँकर लागतात. तिथे पाणी टेंभू-म्हैसाळ उपसा योजनांच्या पंपांनी वर चढवायचं, त्यालाही वीज.

कोयना धरणाचं बघा. १,९६० मेगावॉटचा प्रकल्प, संध्याकाळी मागणी वाढली की उपयोगी पडणारा. पण त्यासाठी बहुतेक पाणी सह्याद्रीखालून पोफळीच्या वीजकेंद्राला जातं आणि तिथून कोकणातल्या वाशिष्ठी नदीत. कृष्णेत ते परत येत नाही. म्हणूनच कृष्णा पाणीतंटा लवादानं त्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली आहे, आणि म्हणूनच पाऊस कमी पडला की सिंचनाला किती आणि विजेला किती यावरून उन्हाळ्यात ताणाताणी होते. माझ्या आठ पंख्यांनी कोयनेचं पाणी वाचलं असं मी म्हणणार नाही. पण संध्याकाळी सातला सांगली-मिरजेत किती हॉल, किती दवाखाने, किती दुकानं पंखे लावून बसलेली असतात, याचा विचार करा.

काही मुलं एसीच मागतात. छोट्या खोलीत एक आहे. तो २७ वर ठेवून नवा पंखा दोनवर लावला की कुणी तक्रार करत नाही, आणि एसीचा एक अंश वाढवला की साधारण सहा टक्के वीज वाचते.

जुने पंखे एक्सचेंजला देताना दुकानदाराला विचारून घ्या की त्यांचं पुढे काय करणार. रंग देऊन पुन्हा विकणार असेल, तर तीच ७५ वॅटची वीज दुसऱ्या कुणाच्या तरी मीटरवर चालू राहील. मी भंगारात घातले, आणि तांब्याचे पैसे एक्सचेंजपेक्षा थोडे जास्तच आले.